बाळ रात्री परत परत का उठतं आणि आपण काय करायचं: नव्या आईबाबांसाठी

‘बाळ झोपत नाही’ ही तक्रार सगळ्या घरांत एकाच शब्दांत होते, पण तिच्या पोटात वेगवेगळ्या अडचणी असतात. एखादं बाळ झोपायलाच तास लावतं. एखादं पटकन झोपतं, पण रात्रभर उठत राहतं. एखादं रात्र नीट काढतं आणि उजाडायच्या आधीच खेळायला तयार होतं. तिघांची कारणं निराळी, म्हणून उपायही निराळे. एका घरात लागू पडलेला उपाय दुसऱ्या घरात फसतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

मी दोन मुलांचा बाबा आहे. थोरलीच्या वेळी आम्ही दोघं वाचून, विचारून आणि मुख्य म्हणजे रात्री जागून पाहून जे शिकलो, ते धाकट्याच्या वेळी कामी आलं. आता कोणाच्या घरी पहिलं बाळ आलं की मी ज्या क्रमाने सांगतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. रात्री मध्येच जाग येणं थांबवता येत नाही. मोठ्यांनाही रात्रीतून अनेकदा जाग येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. खरा प्रश्न असतो तो जाग आल्यावर बाळ परत कसं झोपतं याचा. आणि ते बरंचसं ठरतं रात्री पहिल्यांदा डोळा लागताना. पुढचं बहुतेक सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

१. आधी जागा सुरक्षित करा

पहिल्या वर्षात बाळाला प्रत्येक वेळी उताणं झोपवायचं, रात्रीही आणि दिवसाच्या डुलकीलाही. कुशीवर ठेवलेलं बाळ सहज पालथं होतं, म्हणून कुशीवरही नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली, आणि त्या दशकात झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बदल केवढासा आणि त्यातून वाचलेली बाळं किती! ‘उताणं ठेवल्यावर दूध वर आलं तर घशात अडकेल’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात शिरायला उलट अवघड जातं. बाळ आपलं आपण दोन्ही बाजूंना वळायला लागलं की तुम्ही उताणं ठेवायचं, पुढे ते झोपेत वळलं तर सारखं उठून सरळ करत बसायला नको.

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत:

- घट्ट, सपाट गादी, कडेला फट न राहणारी, वर ताणून बसवलेली एकच चादर
- कठड्याची खाट. कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको
- पांघरुणाऐवजी अंगात घालायची, बाळाच्या मापाची झोपेची पिशवी
- मंद, तांबूस उजेडाचा दिवा
- खिडकीला जाड पडदा
- वही आणि पेन (ते कशाला, ते पुढे येईल)

उशी, रजई, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या गाद्या यांतलं काहीही पहिल्या वर्षात बाळाच्या गादीवर ठेवू नका. ‘सुंदर दिसतं’ म्हणून भेट आलेल्या वस्तू कपाटात जाऊ द्या. बाळ तुमच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर झोपू दे, निदान पहिले सहा महिने. त्याला उकडतंय की थंडी वाजतेय हे हातपायांवरून ठरवू नका, ते बरेचदा गारच लागतात. मानेच्या मागे दोन बोटं सरकवून पाहा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. घरात झोपताना डोक्यावर टोपी नको. बाळाला कापडात गुंडाळत असाल तर कमरेखाली सैल ठेवा, पाय दुमडता आले पाहिजेत, आणि ते वळायची खटपट करताना दिसलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद करा.

सगळ्यात मोठा धोका सोफ्याचा. बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागला तर ते खाचेत सरकून गुदमरू शकतं. पाजताना झोप लागेल असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा उशा आणि पांघरुणं बाजूला केलेला पलंग कमी धोक्याचा. जाग आली की बाळाला लगेच त्याच्या जागेवर ठेवा. कारच्या सीटमध्ये किंवा झुलत्या खुर्चीत झोपलेलं बाळही लवकरात लवकर सपाट जागेवर न्यायचं.

२. वयाप्रमाणे किती झोप, ते माहीत करून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला हिशेब असा: ३ महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, ४ ते ११ महिने १२ ते १६ तास, १ ते २ वर्षं ११ ते १४ तास, ३ ते ४ वर्षं १० ते १३ तास. हे सगळे आकडे चोवीस तासांचे आहेत, दिवसाच्या झोपेसकट. लोक नेमके इथे चुकतात. वर्षाचं बाळ दिवसा अडीच तास झोपत असेल आणि रात्री साडेदहा तास, तर त्याची झोप पूर्ण आहे. त्याला संध्याकाळी सातला झोपवून सकाळी आठपर्यंत झोपेल अशी वाट पाहिली तर पहाटेची जागरणं ठरलेली.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा. आणि इतरांच्या बाळांशी तुलना करू नका. एकाच वयाच्या दोन निरोगी बाळांत तीन-चार तासांचा फरक सहज असू शकतो.

३. सावध झोप आणि जाग यांतला फरक ओळखा

नव्या आईबाबांनी एकच गोष्ट शिकायची असेल तर मी ही सांगेन.

नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ही सावध, हालचालींची झोप असते. मोठी माणसं आधी गाढ झोपेत जातात, नवजात बाळ मात्र आधी या सावध झोपेत शिरतं. त्यामुळे मांडीवर डोळे मिटले म्हणून लगेच खाली ठेवलं की ते दचकून रडतं. शिवाय त्याच्या झोपेचं एक आवर्तन सुमारे ५० ते ६० मिनिटांचं असतं, आपलं ९० च्या आसपास. म्हणजे तासाभरात एकदा ते जागेपणाच्या काठावर येतंच.

त्या काठावर असलेलं बाळ कसं दिसतं, ते एकदा दिवसाउजेडी नीट पाहून ठेवा. पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात. ओठ चोखल्यासारखे हलतात. क्षणभर हसू उमटतं आणि लगेच कपाळावर आठ्या पडतात. श्वास भरभर चालतो, मग काही सेकंद थांबल्यासारखा वाटतो, मग पुन्हा सुरू होतो. बाळ लालबुंद होऊन पाय ताणतं, कण्हतं, एखादी किंकाळीही मारतं. हे सगळं झोपेत! अंधारात नुसता आवाज ऐकला तर कोणालाही वाटेल की बाळ उठलं.

आमचा धाकटा रात्री दोनच्या सुमारास असा कण्हायचा. मी उठून कठड्यावर हात ठेवून उभा राहायचो आणि एवढंच पाहायचो की डोळे मिटलेले आहेत ना. बरेचदा तो मिनिटभर धडपडायचा, मूठ तोंडापाशी न्यायचा, ती तोंडात जायची नाही, गालावरच राहायची, आणि खांदे सैल पडायचे. त्या मिनिटात मी त्याला उचललं असतं तर झोपलेल्या बाळाला मीच उठवलं असतं. तेव्हा आवाज आला की उठा, जवळ जा, पण हात लावायच्या आधी थोडं थांबा. डोळे उघडे असतील, रडणं चढत असेल तर अर्थातच घ्या.

बाळ गाढ झोपलंय का हे कळायची सोपी खूण म्हणजे त्याचा हात. मनगट हलकेच उचलून सोडा. लुळा पडला, मूठ उघडी असली, श्वास एकसारखा असला, की खाली ठेवायला हरकत नाही. ठेवताना आधी कंबर, मग पाठ, शेवटी डोकं, आणि तुमचा हात छातीवर थोडा वेळ राहू द्या.

श्वास काही सेकंद थांबल्यासारखा वाटणं या वयात स्वाभाविक आहे. तो २० सेकंदांपर्यंत लांबला, किंवा ओठ-जीभ निळसर दिसली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

४. पहिले दोन-तीन महिने फक्त दिवस आणि रात्र वेगळी करा

जन्मतः बाळाच्या शरीराला दिवस-रात्र कळत नाही. ते घड्याळ बसायला साधारण दोन-तीन महिने जातात. आईच्या रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं, म्हणून दूध काढून ठेवत असाल तर बाटलीवर वेळ लिहून ठेवा आणि जमेल तेवढं रात्रीचं दूध रात्रीच द्या.

या वयात सवयी लावायच्या मागे लागू नका. बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं. जन्माच्या वेळचं वजन परत भरून निघेपर्यंत, म्हणजे बहुधा पहिले दोन आठवडे, ते झोपलेलं असलं तरी उठवून पाजावं लागतं. मांडीवर झोपलं, अंगावर पिता पिता झोपलं, काही बिघडत नाही. तुम्ही फक्त एवढं करा: सकाळी पडदे उघडा, दिवसा घरातले आवाज चालू राहू द्या, पाजताना बोला, गा. रात्री मंद दिवा, कमीत कमी शब्द, आणि डायपर शी झाली असेल किंवा खूप भरला असेल तरच बदला.

साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात वाढतं, विशेषतः संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. पोट भरलंय, ढेकर निघालाय, कपडे कोरडे आहेत, ताप नाही, तरी ते रडतं. अशा वेळी तुमचा तोल जातोय असं वाटलं तर बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेवा, खोलीबाहेर जा, पाणी प्या, पाच मिनिटांनी परत या. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. त्या काही सेकंदांत मेंदूला कायमची इजा होते.

आईबाबांच्या झोपेचीही सोय आत्ताच करा. आम्ही रात्र वाटून घेतली होती. ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. आई अंगावर पाजत असेल तरी बाळाला आणून देणं, ढेकर काढणं, डायपर, परत झोपवणं एवढं बाबा किंवा घरातलं दुसरं कोणी करू शकतं. बाळ शांत झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना लगेच सांगा. हे बाबांच्या बाबतीतही घडतं.

५. आठवडाभर वहीत लिहा

आता वही. डोळा कधी लागला, जाग कधी आली, दूध कधी घेतलं, एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही. जागरणाने थकलेल्या डोक्याला ‘रात्रभर उठतच होतं’ असं वाटत असतं, वहीत तीन वेळा निघतं. आठवड्याने पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत की बाळाची लय दिसायला लागते: सकाळी पहिली पेंग केव्हा येते, कुठली डुलकी लांबते, संध्याकाळी कधीपासून किरकिर सुरू होते. पुढचे सगळे निर्णय या पानांवरून घ्या. डॉक्टरांकडे जायची वेळ आली तरी हीच पानं उपयोगी पडतात.

६. पेंग वेळेवर पकडा

बाळाला पेंग आली की आधी त्याची नजर हरवते. ते तुमच्याकडे बघायचं टाळतं, हालचाली मंदावतात, भुवया लालसर होतात. जांभई आणि डोळे चोळणं त्यानंतर येतं. किरकिर, पाठीची कमान, कान ओढणं सुरू झालं म्हणजे वेळ टळली. जास्त थकलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट चेकाळतं, आणि झोपलं तरी लवकर उठतं.

दोन झोपांमध्ये बाळ किती वेळ सुखाने जागं राहू शकतं याचा ढोबळ अंदाज असा. पहिल्या महिन्यात पाऊण ते एक तास. चौथ्या महिन्याच्या आसपास दीड ते दोन. सहा ते आठ महिन्यांत दोन ते तीन. वर्षाच्या सुमारास तीन ते चार. तुमच्या वहीतला आकडा वेगळा असेल तर वहीचं ऐका. दिवसाच्या झोपा सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तीनाच्या दोन होतात, आणि तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दोनाची एक.

‘दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री गाढ झोपेल’ हा सल्ला तुम्हाला मिळेल, मायेने मिळेल. लहान बाळाच्या बाबतीत तो मानू नका. फक्त संध्याकाळची शेवटची डुलकी फार लांबू देऊ नका.

७. झोपण्याआधीचा क्रम ठरवा

वीस-तीस मिनिटांत होणारा, रोज त्याच क्रमाने चालणारा. अंग पुसणं किंवा आंघोळ, कपडे, दूध, एक चित्रांचं पुस्तक, दिवा मंद, एक अंगाई, गादी. त्यात काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, क्रम मात्र बदलू नका. काही आठवड्यांत बाळ क्रम ओळखतं. थोरली कपडे बदलले की स्वतःच दिव्याकडे बोट दाखवायला लागली होती. शेवटच्या दोन गोष्टी जिथे झोपायचं त्याच खोलीत करा.

पडद्यावरची चित्रं या क्रमात नकोत. दोन वर्षांखालच्या मुलांना तशीही ती नकोतच, आणि मोठ्यांसाठीही झोपेआधी तासभर बंद. घरघर आवाजाचं यंत्र लावणार असाल तर बाळापासून निदान २ मीटर लांब आणि आवाज अगदी कमी ठेवा.

८. झोपेत शिरताना बाळ गादीवर असू द्या

साधारण चौथ्या महिन्यात बाळाच्या झोपेची घडण बदलते. आतापर्यंत बरं झोपणारं बाळ अचानक दर तासा-दीड तासाने उठायला लागतं आणि आईबाबा हवालदिल होतात. कारण असं की ते मांडीवर झोपलं आणि काठावर आलं तेव्हा गादीवर आहे. झोपताना होता तो हात नाही, डोलणं नाही, तोंडात दूध नाही. मग ते तेच मागतं, आणि त्याला मागायचं तर रडूनच मागावं लागतं. तुम्ही दिलंत की ते झोपतं, आणि पुढच्या काठाला परत तेच.

मांडीवर झोपवण्यात तुम्हाला आनंद आहे आणि रात्र निभावतेय, तर काहीच बदलायची गरज नाही. हे मी मनापासून सांगतो. बदल तेव्हा करायचा जेव्हा घर कोलमडायला लागतं. चौथ्या महिन्यानंतर हलक्या हाताने सुरुवात करता येते, ठामपणे काही करायचं ते सहा महिन्यांनंतर.

आधी दूध क्रमात पुढे घ्या, म्हणजे दूध आणि झोप यांच्यात पुस्तक, अंगाई असं काहीतरी येईल. मग पापण्या जड झालेल्या पण डोळे उघडे, अशा वेळी बाळाला गादीवर ठेवा. सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा, कारण तेव्हा झोपेचा जोर सगळ्यात जास्त असतो. दिवसाच्या डुलक्या सध्या जशा चालल्यात तशाच चालू द्या.

ठेवल्यावर ते रडेल. इथे रस्ते फुटतात. एक, शेजारी बसून थोपटत राहायचं आणि हळूहळू लांब व्हायचं. दोन, खोलीबाहेर येऊन थोड्या थोड्या, वाढत्या अंतराने आत डोकावायचं, दोन शब्द बोलायचे, परत बाहेर. तीन, झोपायची वेळ काही दिवस उशिरा घ्यायची, म्हणजे बाळ ठेवल्याबरोबर झोपेल, आणि मग ती वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणायची. यातल्या पहिल्या दोन रीतींबद्दल ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं सहा वर्षांची होईपर्यंत पाहिलं तर त्यांच्या मनावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही, आणि इतकी वर्षं टिकणारा फायदाही आढळला नाही. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो. हे केलं तर मूल दुरावत नाही, नाही केलं तरी त्याचं कायमचं नुकसान होत नाही.

आम्ही दोन्ही मुलांच्या वेळी पहिला रस्ता घेतला, कारण बाहेर उभं राहून रडणं ऐकणं आमच्या स्वभावात नव्हतं. खुर्ची आधी कठड्याला टेकलेली, हात बाळाच्या पोटावर. काही रात्रींनी खुर्ची तिथेच, पण हात कठड्यावर आणि फक्त आवाज, तेच दोन शब्द: ‘इथेच आहे’. मग खुर्ची हात पोचणार नाही इतकी लांब, मग दाराशी, मग दाराबाहेर. प्रत्येक वेळी खुर्ची सरकली की त्या रात्री रडणं थोडं वाढायचं. थोरली उभी राहून कठडा हलवायची आणि मी ‘इथेच आहे’ म्हणत जागेवर बसून राहायचो. मग ती खाली बसायची, गालाला दुपटं लावायची (तोवर ती वर्षाची होऊन गेली होती, म्हणून दुपटं जवळ होतं), माझ्याकडे पाहत पाहत आडवी व्हायची.

एकच मोठा सापळा आहे. अर्धा तास रडू देऊन मग पूर्वीसारखं मांडीवर घेऊन झोपवलं, तर बाळ एवढंच शिकतं की अर्धा तास रडावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडणं पहिल्या रात्रीपेक्षा वाढू शकतं, तेव्हाच बहुतेक घरं माघार घेतात. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा, आजी-आजोबांचंही. बाळ आजारी असेल, प्रवास असेल, घर बदलणार असाल, तर सुरूच करू नका. आणि रडण्याचा सूर नेहमीचा नाही असं वाटलं तर नियम बाजूला ठेवा आणि जवळ घ्या.

९. रात्रीचं दूध हळूहळू कमी करा

सहा महिन्यांनंतर, वजन नीट वाढत असेल तर, अनेक बाळांना रात्रीच्या दुधाची गरज कमी होते. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. एका वेळी एकच पाजणं कमी करायचं. अंगावर पाजत असाल तर दर दोन रात्रींनी मिनिटं कमी करा, बाटली असेल तर दूध थोडं थोडं कमी करा. बाटली तोंडात देऊन झोपवू नका, दात किडतात. आणि जड काहीतरी बाटलीत कालवून दिलं की बाळ जास्त झोपतं, हा समज खोटा आहे. त्याने घशात अडकायचा धोका मात्र वाढतो.

१०. घडी विस्कटली तर

रांगणं, उभं राहणं, बोलणं अशी नवी गोष्ट आली की झोप काही दिवस बिघडते. दिवसा त्या गोष्टीचा भरपूर सराव करू द्या. आठ-दहा महिन्यांच्या सुमारास आईबाबा नजरेआड झाले की घाबरणं सुरू होतं, तेव्हा दिवसा लपाछपी खेळा आणि झोपेच्या वेळी चोरून निघून जाऊ नका. आजारपणात हवं तेवढं जवळ घ्या. बरं वाटलं की दोन-तीन दिवसांत जुन्या क्रमावर परत या.

११. डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर त्याच वेळी, रात्र असली तरी. दूध प्यायला उठवूनही उठत नसेल तर तसंच. बहुतेक रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, तोंडाने श्वास घेणं, खूप घाम येणं यांमागे वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ असू शकते. पाय सारखे झाडणाऱ्या, अस्वस्थ झोपणाऱ्या मुलांत कधी कधी लोह कमी निघतं. झोपेचं कुठलंही औषध किंवा मेलाटोनिनचे थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका.

१२. चालतं-बोलतं मूल

दीड-दोन वर्षांनंतर अडचण बदलते. आता मुलाला झोपता येतं, पण झोपायचं नसतं. पाणी हवं, शू आली, अजून एक गोष्ट सांग, दुसरा मोजा कुठंय. यातल्या खऱ्या गरजा क्रमातच घालून टाका: पाण्याचा पेला उशाशी, शू शेवटची, आणि पुस्तकं किती ते आधीच सांगितलेलं. निवड द्यायची ती छोटी द्या, निळे कपडे की हिरवे, हे पुस्तक की ते. झोपायचं की नाही, ही निवड द्यायची नाही. ते उठून बाहेर आलं तर हात धरून परत न्या, चिडू नका, समजावत बसू नका, प्रत्येक वेळी तेच एक वाक्य. कंटाळवाणं वागणं इथे फार उपयोगी पडतं.

कठड्याच्या खाटेतून साध्या पलंगावर न्यायची घाई करू नका. मूल कठडा ओलांडायला लागलं किंवा त्याची उंची सुमारे ८९ सेंटिमीटर झाली की मात्र बदलावंच लागतं. त्याआधी कपाटं भिंतीला पक्की करा आणि खिडक्यांना अटकाव बसवा, कारण आता ते रात्री एकटं खोलीत फिरू शकतं.

रात्री घाबरण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. वाईट स्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडतं, मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला ओळखतं, बिलगतं. त्याला जवळ घ्या. दुसरा प्रकार झोप लागल्यानंतरच्या दोन-तीन तासांत होतो. मूल किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, पण तुम्हाला ओळखत नाही, धरायला गेलात तर ढकलतं. ते झोपेतच असतं. त्याला हलवून जागं करू नका, पडणार-लागणार नाही एवढं पाहत शेजारी थांबा, काही मिनिटांत ते शांत होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. त्या आठवड्यात झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, कारण असे प्रसंग थकव्याने वाढतात.

दुपारची झोप बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सोडतात. एखाद्या दिवशी झोपली नाहीत म्हणजे सुटली असं समजू नका, बरेच आठवडे ती येत-जात राहते. ज्या दिवशी झोपणार नाही त्या दिवशीही दुपारी तासभर खोलीत पडदा ओढून, पुस्तकं घेऊन शांत पडू द्या आणि रात्रीचा क्रम तासभर आधी सुरू करा.